गाडी म्हातारी झालेली नाही, उभी राहून आजारी पडलीय

मंडळी, पोस्ट लांब आहे. ज्यांच्या पार्किंगमध्ये पंधरा-वीस वर्षांची गाडी कव्हर घालून उभी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी तसा एखादा मित्र असेल तर त्याला पाठवा.

सध्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर कुठेही गेलो तरी एक प्रश्न हमखास येतो. "अहो पत्रकार, जुनी गाडी आहे, सुरू होत नाही. मेकॅनिक म्हणतो इंजिन खोलावं लागेल. खर्च करू की भंगारात देऊ?"

माझं म्हणणं असं की हा प्रश्नच घाईचा आहे. डॉक्टरने नाडीसुद्धा न बघता "ऑपरेशन करायचं की नाही ते सांगा" म्हटलं तर आपण त्या दवाखान्यातून उठून येऊ. गाडीच्या बाबतीत मात्र निमूट ऐकतो. तपासणी नाही, मोजमाप नाही, थेट निकाल. या निकालावर आपल्या भागातल्या कितीतरी धडधाकट गाड्या कवडीमोलाने जातात आणि पुढची पाच-सात वर्षं घरात नवीन हप्ता सुरू होतो.

आधी आपल्या गाड्यांचं दुखणं काय ते समजून घेऊ. पुण्या-नाशिकच्या माणसाची गाडी रोज चालते. आपण लोकलवाले. सोमवार ते शनिवार माणूस सकाळच्या फास्टला लटकतो आणि गाडी खाली उभी. रविवारी डी-मार्ट, नाहीतर आई-बाबांना घेऊन कल्याणचा डॉक्टर, गणपतीला आणि मे महिन्यात गाव. म्हणजे वीस वर्षांची गाडी असली तरी मीटरवर आकडा बऱ्याचदा कमीच. आपल्याकडच्या गाड्या पळून झिजत नाहीत, उभ्या राहून बिघडतात. या दोन आजारांची लक्षणंही वेगळी आणि औषधंही वेगळी.

उभ्या गाडीत पहिली मरते ती बॅटरी. सेल्फ मारला की नुसतं कट-कट होतं आणि लगेच निदान होतं, "सेल्फ गेला". साधा मल्टिमीटर घ्या, तो कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली गेला तर बॅटरी अशक्त आहे. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसले तर चार्जिंग ठीक, तिथेही १२ च्याच घरात अडकला तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा. आणि हे सगळं करण्याआधी टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी गंजलीय का तेही बघा. अर्ध्या "सेल्फ गेला" केसेस इथेच संपतात.

दुसरं, उंदीर. बदलापूर-अंबरनाथमध्ये नवीन इमारतींना लागून अजून शेतं, ओढे, झाडी आहे. पावसाळ्यात उंदराला बॉनेटखालची ऊबदार जागा म्हणजे वन बीएचके. माझ्याच गाडीची गोष्ट. इंजिन मिसिंग मारत होतं, पिकअप नव्हता. एका गॅरेजने सांगितलं, हेड उतरवावं लागेल. बॉनेट उघडून टॉर्च मारला तर इंजेक्टरच्या वायरीवर दातांच्या खुणा. वायर जोडली, टेप मारला, तिन्ही सिलिंडर चालू. हेड होतं तिथेच आहे. गॅरेजवाला लबाड होता असं मी म्हणणार नाही. त्याने बघितलंच नव्हतं, आणि तक्रार त्याचीच आहे.

तिसरी गोष्ट खास स्टेशन-सोडणाऱ्यांसाठी. बायकोला किंवा मुलाला स्टेशनला सोडायचं आणि परत यायचं, दोन किलोमीटर. एवढ्यात इंजिन पूर्ण तापत नाही. आत जमलेलं बाष्प उडून जात नाही, तेलात मिसळतं आणि ऑइलच्या झाकणाला आतून पांढरट, लोण्यासारखा थर बसतो. तो दाखवून सांगितलं जातं, "हेड गॅस्केट गेलं, पाणी तेलात आलं." थांबा. डिपस्टिक काढून पुसा आणि पुन्हा बघा. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ आहे, कूलंटची पातळी आठवडाभर तेवढीच आहे, गरम गाडीतून सतत पांढरा धूर नाही, तर ते बहुतेक बाष्प आहे. बदलापूर-कर्जत रस्त्याला अर्धा-पाऊण तास गाडी चालवून आणा आणि परत बघा. पण डिपस्टिकवरच चहासारखं तेल असेल, कूलंट कमी होत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तर गॅस्केटचा संशय खरा. मग गाडी चालवू नका. लक्षण एकच, पण एका केसमध्ये औषध म्हणजे कर्जतची चक्कर आणि दुसऱ्यात हेड उतरवणं. मध्ये फरक फक्त दोन मिनिटं बघण्याचा.

इंजिनला लागतं काय? हवा, पेट्रोल, वेळेवर ठिणगी आणि आतला दाब. चारपैकी काय कमी आहे हे शोधणं म्हणजे निदान. क्रमही स्वस्ताकडून महागाकडे. एअर फिल्टर काढून उन्हात धरा, प्रकाश दिसतो का बघा. मग चावी ऑन करा आणि कान द्या. इंजेक्शनच्या गाडीत मागच्या टाकीकडून दोन सेकंद बारीक घूं असा आवाज यायला हवा, तो पेट्रोल पंप. आवाजच नाही तर आधी फ्यूज आणि रिले बघा, मग पंपाला बोल लावा. प्लग काढून रंग बघा. फिकट कॉफीसारखा असेल तर तब्येत ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. ओला, तेलकट म्हणजे तेल वर येतंय. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ किंवा इंजिन जास्त गरम.

एकच सिलिंडर मिसिंग मारत असेल आणि प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असेल, तर शंका असलेली कॉइल शेजारच्याशी बदला. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब. जागेवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर, वायर. एक रुपया न घालवता उत्तर मिळतं. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत पावसाळी रात्री दिवे बंद करून चालू इंजिनकडे लांबून बघा. प्लगच्या केबलवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर केबल गळतेय. हात लावू नका, फक्त बघा.

आणि "इंजिन खोलावं लागेल" असं कुणी म्हटलंच, तर एक वाक्य पाठ करून ठेवा: "आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून द्या." सगळे आकडे जवळपास सारखे आणि कंपनीच्या मर्यादेत असतील तर इंजिन खोलायचं कारण दुसरीकडे आहे. एक सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. ही टेस्ट काही मिनिटांची आहे. ती न करता इंजिन खोलणं म्हणजे एक्स-रे न काढता हाड बसवणं.

आता आपल्या भागाचं खास दुखणं, पूर. २६ जुलै २००५ आपण विसरलो नाही. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजाराच्या वर प्रवासी बाहेर काढावे लागले, ते सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. त्याच उल्हास नदीचं पाणी बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवलीत पार्किंगमध्ये शिरलं होतं, ते कुठल्या चॅनेलला दिसलं नाही. अशा गाडीचं इंजिन पाण्याने कमी आणि आपल्या उत्साहाने जास्त मरतं. पाणी ओसरलं की माणूस पहिलं काम करतो ते सेल्फ मारायचं. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन वर येताना ते हवेसारखं दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इन्शुरन्सवाले तेव्हाच विचारतात, "सुरू करायचा प्रयत्न केला होता का?" साध्या पॉलिसीत अशा वेळी इंजिनचं नुकसान अनेकदा नाकारलं जातं, इंजिनसाठी वेगळं कव्हर लागतं. म्हणून एअर फिल्टरच्या वर पाणी गेलं असेल तर सेल्फ नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, फोटो काढा, इन्शुरन्सला कळवा, गाडी टो करून न्या. प्लग काढून पाणी बाहेर काढलं, तेल आणि फिल्टर बदलले, तर अशी इंजिनं वाचतात.

पेट्रोलबद्दल खूप विचारणा होते, म्हणून तेही. २०२५ मध्ये देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. आपल्या जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं की ज्या गाड्या मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवल्या आणि १० टक्क्यांना जुळवल्या, त्यांचं मायलेज ६-७ टक्क्यांनी घटू शकतं. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केलं की काही जुन्या गाड्यांत २०-३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. सप्टेंबरमध्ये याविरोधातली याचिका सुप्रीम कोर्टाने फेटाळली. म्हणजे पंपावर आपल्याला दुसरा पर्याय मिळेल या आशेवर बसण्यात अर्थ नाही.

पण घाबरून गाडी विकायचंही कारण नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि टाकीतला जुना गाळ सोडवतं. रोज चालणाऱ्या गाडीला त्याचा त्रास कमी, महिना-महिना उभ्या गाडीला जास्त. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी उभी करू नका. फ्यूएल फिल्टर वेळेआधी बदला. पेट्रोलचे रबरी पाइप बोटाने दाबून बघा, तडे गेलेत, चिकट झालेत तर लगेच बदला. तिथे गळती म्हणजे आग. सीएनजीवाल्यांनी अधूनमधून गाडी पेट्रोलवर चालवा, आणि टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झालीय का ती प्लेट वाचा. सीएनजीच्या पाइपला मात्र घरी कुणीही हात लावू नये.

आता दुसरी बाजू. कुणी म्हणेल, जुन्या गाड्या धूर ओकतात, त्यांची वकिली कशाला? मुद्दा बरोबर आहे. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल वाया जातंय, आणि अशी गाडी "काय होतंय, पीयूसी मिळते" म्हणून फिरवणं हा शेजाऱ्याच्या फुप्फुसावर अन्याय आहे. जी गाडी तपासणीत खरंच संपलेली निघेल ती भंगारात जाऊ दे. पण वय हा निकष नाही, तब्येत हा निकष आहे. व्हॉट्सॲपवर फिरतं तसं "१५ वर्षं झाली की गाडी जप्त" हे महाराष्ट्रात खरं नाही. तो दिल्ली-एनसीआरचा विषय. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी फिटनेस बघून पाच-पाच वर्षांसाठी वाढते. फी मात्र वाढली आहे. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारला नूतनीकरणासाठी ५,००० रुपये, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला १०,००० रुपये. वर पर्यावरण कर, वर नवी नंबर प्लेट. म्हणजे सरकार बंदी घालत नाही, पण गाडी ठेवायचं महाग करतं. मग एवढी फी भरणाऱ्याला दुरुस्तीची सोय मागायचा हक्क आहे की नाही?

हा हक्क कागदावर आहे. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींहून जास्त दंड लावला. कारण हेच होतं, की अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू दिली जात नव्हती. प्रकरण पुढे अपिलात गेलं, कोर्टात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पण कॅम्प नंबर चारमधल्या मेकॅनिकच्या हातात कंपनीचं मॅन्युअल आलं का? नाही. तो अजून कानावर आणि अंदाजावर काम करतो. मेकॅनिक अंदाजावर काम करतो तेव्हा चुकीचं बिल आपण भरतो.

विरोधाभास बघा. अंबरनाथमध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. एमआयडीसीत लेथवर मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसं. उल्हासनगरची ख्याती तर अशी की कुठल्याही वस्तूची नक्कल तिथे बनते. धातू कळणारे इतके हात क्वचितच दुसऱ्या गावात असतील. आणि याच पट्ट्यात सोसायटीची नोटीस लागते, "पार्किंगमध्ये गाडीचं कोणतंही काम करू नये." बॅटरीचं टर्मिनल साफ करणाऱ्यालाही वॉचमन हटकतो.

सोसायटीच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे, काळं तेल. एका छोट्या गाडीतून तीनेक लिटर जळकं तेल निघतं. ते गटारात ओतलं की ते वालधुनीत जातं, नाहीतर उल्हासमध्ये. वालधुनीची काय दशा केली ते वेगळं सांगायला नको. आणि उल्हासचं पाणी बदलापूरच्या बॅरेजवरून आपल्याच नळाला येतं. वापरलेलं तेल हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. घरी ऑइल बदलणाऱ्याने ते कॅनमध्ये भरून, अधिकृतपणे तेल गोळा करणाऱ्याला देणाऱ्या गॅरेजकडेच पोचवलं पाहिजे. हे जमत नसेल तर घरी ऑइल बदलू नका. स्पष्ट सांगतो.

तसंच हद्दही ओळखा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली, विटा लावून, कधीही जाऊ नका. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ब्रेक, एअरबॅग, टायमिंग बेल्ट जाणकाराकडे. घरी निदान करायचं ते मेकॅनिकचं पोट मारायला नाही, त्याच्यासमोर मोकळ्या हाताने न जाता माहिती घेऊन जायला. चांगल्या मेकॅनिकला असं गिऱ्हाईक आवडतं, कारण त्याचा वेळ वाचतो. ज्याला आवडत नाही, तिथून उठा.

माझ्या चार मागण्या आहेत.

एक, तिन्ही शहरांच्या पालिकांनी प्रत्येक प्रभागात नाही तर निदान पूर्व-पश्चिमेला एकेक ठिकाणी वापरलेलं तेल आणि जुन्या बॅटऱ्या जमा करायची सोय करावी. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम लागू आहेत, त्यांना या कामाला लावा.

दोन, सोसायट्यांनी सरसकट बंदी काढून साधा नियम करावा: तपासणी, बॅटरी, प्लग, फिल्टर चालेल. तेल सांडणारं, इंजिन खोलणारं काम चालणार नाही.

तीन, आपल्या भागातल्या आयटीआयने शनिवार-रविवार गाडी मालकांसाठी आणि छोट्या गॅरेजवाल्यांसाठी चार-सहा आठवड्यांचा निदानाचा वर्ग घ्यावा. सोमवार ते शुक्रवार लोकलमध्ये असणाऱ्यांना दुसरा वेळ नाही.

चार, गॅरेजवाल्यांनी काय तपासलं आणि काय आकडा आला हे बिलावर लिहावं, आणि बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. यासाठी सरकारची गरज नाही, आपण मागायची सवय लावली की पुरे.

येत्या रविवारी एवढंच करा. कव्हर काढा, बॉनेट उघडा, टॉर्च घेऊन वायरी बघा. डिपस्टिक बघा. कूलंट थंड असताना बघा. बॅटरीचा व्होल्ट मोजा. मग कमेंटमध्ये लिहा: गाडी कुठली, कुठल्या साली घेतलेली, काय दिसलं, आणि मेकॅनिकने काय सांगितलं होतं. गॅरेजचं नाव टाकू नका, भांडणं नकोत. आकडे टाका. पुरेशा कमेंट आल्या तर यादी करून मी पालिकेकडे आणि आयटीआयच्या प्राचार्यांकडे घेऊन जाईन. आणि तोपर्यंत कुणी भंगारवाला फोन करून भाव सांगत असेल तर त्याला म्हणा, पुढच्या रविवारनंतर बोलू.